रिकाम्या भिंतींचे दालन : जहांगीर आर्ट गॅलरीची वाटचाल

‘गॅलरी’ हा शब्द मलकपेठेतल्या मराठी घरांत दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो, पण त्याचा चित्रांशी काही संबंध नसतो. कपडे वाळत घालायचे ते गॅलरीत, तुळशीची कुंडी ठेवायची ती गॅलरीत आणि पाहुणे निघाले की हात हलवायचा तोही गॅलरीतूनच. नाट्यगृहातल्या वरच्या मजल्याची स्वस्त तिकिटेही गॅलरीचीच. त्यामुळे धड्यात ‘आर्ट गॅलरी’ असे शब्द आले की आमच्या वर्गातली मुले आधी हसतात आणि मग विचारात पडतात. अशा वेळी शिक्षकाने ‘कलादालन’ हा प्रतिशब्द फळ्यावर लिहावा आणि पुढे जावे, अशी रीत आहे. मीही पुष्कळ वर्षे तेच केले. प्रतिशब्दाने शब्दाची अडचण सुटते, वस्तूची सुटत नाही, हे कळायला मला उशीर लागला.

तरी त्या प्रतिशब्दाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ‘दालन’ हा मूळचा फारसी ‘दालान’. जुन्या हैदराबादेतल्या देवड्यांमध्ये अंगणाच्या कडेने खांबांवर तोललेला, एका बाजूने उघडा असा जो लांबट भाग असतो, तो दालान. मराठीने तो घेतला, त्यातला एक आकार आखूड केला आणि संस्कृत ‘कला’ त्याच्या पुढे जोडली. अर्धा संस्कृत आणि अर्धा फारसी असा हा जोडशब्द हैदराबादच्या मराठी माणसाला परका वाटू नये. गंमत अशी की त्यातला ‘एका बाजूने उघडा’ हा अर्थ मात्र वाटेत गळून पडला. कलादालन म्हटल्यावर आज डोळ्यांपुढे येते ती बंद, थंड, कुजबुजत बोलायची जागा.

‘प्रदर्शन’ या शब्दाचीही अशीच गत. हिंदीत ‘प्रदर्शन’ म्हणजे निदर्शने आणि मांडणीसाठी ‘प्रदर्शनी’. मराठीत दोन्हींची कामे वेगळी वाटून दिलेली आहेत. शिवाय हैदराबादेत प्रदर्शन म्हटले की पहिल्यांदा आठवते ती नामपल्लीची नुमाईश, १९३८ पासून चालत आलेली, जिथे काश्मिरी शालीपासून आकाशपाळण्यापर्यंत सारे काही मिळते. चित्रांचे प्रदर्शन म्हणजे त्याच धर्तीचा बाजार असावा, असा समज घेऊन मुले येतात. तो अगदीच चुकीचा असतो असेही नाही. त्याकडे पुढे येऊ.

ज्या संस्थेमुळे मराठी मुलखात ‘आर्ट गॅलरी’ हा शब्द सर्वसामान्य झाला, ती मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी. आपल्याकडे मात्र तिची आठवण काढण्याआधी एका शेजारणीची आठवण काढली पाहिजे. मलकपेठेहून थोड्या अंतरावर, मुसीच्या काठी सालारजंग संग्रहालय आहे. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान १९४९ साली वारले. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्यांच्याच दिवाण देवडीत खुले झाले. सध्याच्या इमारतीत ते १९६८ साली आले. त्यानंतर अवघ्या छत्तीस दिवसांनी, २१ जानेवारी १९५२ रोजी, मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी जहांगीर आर्ट गॅलरीचे उद्घाटन केले.

एकाच हिवाळ्यात दोन शहरांत दोन दारे उघडली, पण दोहोंचा स्वभाव अगदी उलट. सालारजंगमध्ये भिंती आणि कपाटे भरलेली होती. एका माणसाने जे जमवले ते जपून ठेवणे आणि लोकांना दाखवणे हे तिचे काम. बुरख्याआडच्या रिबेकाचा संगमरवरी पुतळा काल होता, आज आहे, उद्याही तिथेच असेल. आजोबांनी पाहिलेली वस्तू नातवाला दाखवता येते. जहांगीरच्या भिंती रिकाम्या होत्या आणि त्या रिकाम्याच राहाव्यात, असेच तिचे प्रयोजन होते. आठवडाभर एका चित्रकाराने आपले काम तिथे लावायचे, मग उतरवायचे आणि जागा पुढच्याला द्यायची. संग्रहालय आणि कलादालन यांतला फरक विद्यार्थ्यांना सांगायचा तर मी एवढेच सांगतो. एक वस्तू सांभाळते, दुसरे जागा सांभाळते.

आता जागा सांभाळण्यात एवढे काय मोठे, असे वाटेल. त्यासाठी १९५२ च्या आधीची स्थिती पाहावी लागते. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून होते, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून. दरवर्षी सोसायटीचे मोठे प्रदर्शन भरे. शेकडो चित्रे येत, निवड समिती त्यातली काही घेई आणि भिंतभर खालपासून वरपर्यंत लावी. पदके मिळत, वर्तमानपत्रांत नावे छापून येत. पण ज्याला आपली वीस-पंचवीस चित्रे एका ओळीत लावून ‘मी असा विचार करतो’ हे सांगायचे आहे, त्याने जावे कुठे? कुणाच्या दुकानात, कुणाच्या दिवाणखान्यात, एखाद्या सार्वजनिक सभागृहात, मिळेल तिथे. वार्षिक प्रदर्शनातले एकुलते एक चित्र हे सुट्या वाक्यासारखे असते. परिच्छेद लिहायला वेगळी जागा लागते.

ही जागेची टंचाई ज्यांनी सोसली, त्यांत एक आपल्याकडचा होता. कृष्णाजी हौळाजी आरा यांचा जन्म १९१४ चा, सिकंदराबादेजवळच्या बोलारमचा. वडील मोटार चालवत. आई लहानपणीच गेली आणि सात वर्षांचा हा मुलगा पळून मुंबईला गेला. गाड्या धुतल्या, साहेबांच्या घरी वरकाम केले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. रंगांचे शिक्षण असे कुठे मिळाले नाही. ‘टाइम्स ऑफ इंडिया’शी संबंधित दोन युरोपीय जाणकारांनी, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांनी, त्याची चित्रे पाहिली, त्याला हात दिला आणि १९४२ साली आरांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. पुढे १९४७ मध्ये जो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्याच्या सहा जणांत आरा होते. बाकीचे पाच म्हणजे गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन, मध्य प्रांतातून आलेले सय्यद हैदर रझा, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाक्रे. या गटाचे पहिले प्रदर्शन १९४९ च्या जुलैत रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सलोनमध्ये भरले. आरा पुढे त्याच रस्त्यावरच्या आर्टिस्ट्स सेंटरचे काम वर्षानुवर्षे पाहत राहिले आणि नवख्या पोरांना जागा मिळवून देत राहिले. १९८५ साली ते वारले. बोलारमला त्यांच्या नावाची पाटी असावी, असे मला नेहमी वाटते.

(आपल्याकडचे दुसरे नाव पाकाल तिरुमल रेड्डी यांचे. करीमनगर भागातला हा मुलगा जे. जे. मध्ये शिकला आणि प्रोग्रेसिव्हांच्याही आधी, १९४१ मध्ये, भोपळे, मजीद, कुलकर्णी आणि बाप्टिस्टा या सोबत्यांबरोबर मुंबईत एक आधुनिक गट बांधून प्रदर्शन करून बसला. पुढे ते हैदराबादला परतले. मुंबईच्या कलेतिहासात या गटाला दोन ओळी मिळतात, कधी त्याही नाहीत.)

जागेचा प्रश्न धसास लावणारे दोघे होते. एक चित्रकार के. के. हेब्बर आणि दुसरे डॉ. होमी भाभा. भाभा अणुशास्त्रज्ञ म्हणून सर्वांना माहीत आहेत. ते स्वतः चित्रे काढत आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेत, हे तितकेसे माहीत नसते. या दोघांच्या आग्रहावरून सर कावसजी जहांगीर यांनी देणगी दिली. त्यांचा जहांगीर हा मुलगा अकाली गेला होता. त्याच्या स्मरणार्थ हे दालन बांधले गेले. म्हणजे लोक ‘जहांगीर’ म्हणतात तेव्हा नकळत एका गेलेल्या मुलाचे नाव घेत असतात. बादशहाचा इथे काही संबंध नाही, हे वर्गात मुद्दाम सांगावे लागते.

जागा मिळाली ती तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, आवाराच्या कडेला. त्या संग्रहालयाच्या घुमटाला आपल्या विजापूरच्या गोलघुमटाची आठवण आहे. त्याच्या शेजारी काय बांधावे? घुमटाशी स्पर्धा करणारे काही, की घुमटाची नक्कल? जी. एम. भुता यांच्या कार्यालयातर्फे दुर्गा बाजपेयी यांनी जो आराखडा केला त्यात दोन्ही नव्हते. बुटकी, साधी, काँक्रीटची इमारत आणि दर्शनी बाजूला लाटेसारखी चुण्या घातलेली, खांबांच्या आधाराशिवाय पुढे झेपावणारी काँक्रीटची छत्री. पावसात माणसे त्या छत्रीखाली उभी राहतात. त्यांतली काही पाऊस थांबेपर्यंत आत डोकावतात. मुंबईत चित्रे पाहणाऱ्यांची संख्या वाढवण्यात या छत्रीचा वाटा किती, हे कुणी मोजलेले नाही, पण तो असणार.

या भागाला काळा घोडा म्हणतात. मलकपेठेत घोडा म्हटला की रेसकोर्स. तिथे घोडा म्हटला की सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. तो पुतळा १९६५ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला, तरी नाव तिथेच राहिले. पन्नासहून अधिक वर्षे लोक नसलेल्या घोड्याच्या नावाने पत्ता सांगत होते. २०१७ मध्ये तिथे स्वाराशिवायचा नवा घोडा उभा राहिला. भाषा वस्तूपेक्षा चिवट असते, याचे उदाहरण म्हणून मी हे व्याकरणाच्या तासालाही वापरतो.

आता या दालनाचा व्यवहार. चित्रकार अर्ज करतो, कामाचे नमुने देतो, निवड झाली की त्याला तारीख मिळते. ती तारीख पुष्कळदा काही वर्षांनंतरची असते. प्रदर्शन साधारणपणे एक आठवडा, मंगळवार ते सोमवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. जागेचे भाडे चित्रकार भरतो. पाहणाऱ्याला तिकीट नाही. वरवर साधी वाटणारी ही व्यवस्था फार महत्त्वाची आहे, कारण यात चित्र खपेल की नाही याची चिंता दालनाला नाही. लातूरचा किंवा गडहिंग्लजचा चित्रकलाशिक्षक, ज्याचे एकही चित्र कुणी विकत घेतलेले नाही, तोही रांगेत उभा राहू शकतो; आणि ज्या भिंतीवर गेल्या महिन्यात नामवंताचे काम होते त्याच भिंतीवर त्याचे काम लागते. या व्यवस्थेची किंमतही आहे. चांगले आणि वाईट एकामागून एक येत राहते. ‘जहांगीरला काय, कुणाचेही लागते’ असे नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला विचाराल तर सार्वजनिक दालनाने थोडे वाईट सहन करावे. सगळेच निवडून, पारखून, पुसून ठेवायचे असेल तर त्यासाठी दुसरी घरे आहेत.

ती दुसरी घरे म्हणजे खासगी गॅलऱ्या. मुंबईत १९६३ हे वर्ष त्या दृष्टीने मोजायचे. काली पंडोल यांनी फोर्टात आपली गॅलरी काढली आणि केकू व खुर्शीद गांधी या दांपत्याने ‘केमोल्ड’ ही गॅलरी खुद्द जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू केली. केमोल्ड हे नाव कुणा देवतेचे वा कवीचे नाही. गांधींचा चित्रचौकटी बनवण्याचा व्यवसाय होता, त्या कंपनीच्या इंग्रजी नावाचे हे संक्षिप्त रूप. आधी चौकटी विकल्या, मग दुकानाच्या खिडकीत त्या चौकटींमध्ये तरुण चित्रकारांची चित्रे लावली, मग लोक चौकटीऐवजी चित्रे विचारू लागले. खासगी गॅलरी चित्रकाराकडून भाडे घेत नाही. ती त्याला निवडते, त्याच्या कामावर पैसे लावते, गिऱ्हाईक शोधते आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा ठेवते. हा हिस्सा बहुधा किमतीच्या तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत असतो. म्हणजे खाली भाड्याचे सार्वजनिक दालन आणि जिना चढून गेले की निवडीचे खासगी दालन, असे दोन्ही नमुने एकाच छपराखाली चव्वेचाळीस वर्षे नांदले. २००७ मध्ये केमोल्ड प्रिस्कॉट रोडवर मोठ्या जागेत गेली. नुमाईशीचा समज घेऊन येणाऱ्या मुलांना मी हे सांगतो. बाजार आहेच, पण बाजार कोणत्या मजल्यावर आहे ते ओळखायला शिका.

दालनाचे दार उघडून दोन वर्षे उलटली आणि त्याची परीक्षा झाली. १९५४ साली पॅरिसहून आलेल्या अकबर पदमसी या सव्वीस वर्षांच्या चित्रकाराचे प्रदर्शन जहांगीरमध्ये लागले. त्यात ‘लव्हर्स’ या नावाची स्त्री-पुरुषांची नग्नचित्रे होती. पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर आहे, असे चित्र. पोलिस आले आणि ती काढून टाका म्हणाले. पदमसींनी नकार दिला. चार भिंतींत चित्र लावणारा माणूस ‘काढतो’ म्हणाला असता तर प्रकरण तासाभरात मिटले असते आणि पुढच्या प्रत्येक चित्रकाराला ते आयते उदाहरण झाले असते. त्यांना अटक झाली, अश्लीलतेच्या कलमाखाली खटला उभा राहिला. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना निर्दोष सोडले. सरकार उच्च न्यायालयात गेले, तिथेही निकाल चित्रकाराच्या बाजूनेच लागला. वेरूळची लेणी ज्या मुलखात आहेत, तिथल्या शहरात उमा-महेश्वराच्या मूर्तीतला हात चालतो आणि कॅनव्हासवरचा का चालत नाही, हा प्रश्न तेव्हा पडला आणि आजही पडतो. पदमसी २०२० पर्यंत जगले. त्या खटल्याबद्दल ते फारशा वीरश्रीने बोलत नसत असे म्हणतात. कामाने त्यांना पुष्कळ गुंतवून ठेवले होते.

दालन म्हणजे केवळ भिंती नव्हेत, हे दाखवणारी जागा तळमजल्यावर होती. १९६४ मध्ये उषा खन्ना यांनी तिथे ‘समोवार’ हे छोटे उपाहारगृह काढले. आगगाडीच्या डब्यासारखी अरुंद, लांबट जागा. एका बाजूने संग्रहालयाच्या हिरवळीकडे उघडी. आपल्या देवडीतल्या दालानाचे मी वर जे वर्णन केले, ते या जागेला हुबेहूब लागू पडते! चित्रकार, कवी, नाटकवाले, वकील, कॉलेजातली मुले एका चहावर तासन्‌तास बसत. ‘छोटी सी बात’ या चित्रपटात अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा यांच्याबरोबर ही जागाही आहे. वर चित्र पाहायचे आणि खाली त्यावर भांडायचे, अशी ही सोय ३१ मार्च २०१५ रोजी बंद झाली. दालनाला स्वतःच्या कामासाठी जागा हवी होती. ते कारण खोटे नव्हते, पण नुकसानही खोटे नव्हते. ज्यांना भिंतीवरचे चित्र कळले नाही त्यांना शेजारच्या टेबलावरून ऐकू येई, ती शिकवणी गेली.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी याच इमारतीत दोन गोष्टी घडल्या. हुसेनांनी ‘श्वेतांबरी’ या नावाने प्रदर्शन लावले. लोक चित्रे पाहायला गेले तर भिंतींवर पांढरे कापड, खाली कापडाच्या लाटा आणि फाडून विखुरलेली वर्तमानपत्रे. चित्र एकही नाही. लोक चिडले, काही हसले, वर्तमानपत्रांना खाद्य मिळाले. आणि १९९२ मध्ये वरच्या मजल्यावर नलिनी मलानी यांनी केमोल्डच्या भिंतींवरच थेट चित्रे काढली. शहराची, माणसांची. मुदत संपल्यावर त्या भिंती रंगवून टाकण्यात आल्या. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रे हेळसांडीने नष्ट होत होती, तिकडे लक्ष वेधण्याचा हा मार्ग होता. या दोन प्रदर्शनांत विकण्यासारखे काहीच नव्हते. एकाने भिंत झाकली, दुसरीने भिंतीलाच चित्र केले. हुसेनांच्या प्रयोगात थोडा तमाशा होता असे माझे मत आहे. मलानींचे काम मला अधिक खोल वाटते. पण रिकाम्या भिंतीचे दालन नसते तर दोन्ही झाले नसते.

या सगळ्यात मराठी भाषा कुठे होती? प्रदर्शनाची पत्रिका इंग्रजीत, चित्राखालची चिठ्ठी इंग्रजीत, परीक्षणे प्रथम इंग्रजी वर्तमानपत्रांत. छत्रीखालून आत डोकावणारा गिरगावचा किंवा लालबागचा माणूस ‘अनटायटल्ड’ अशी चिठ्ठी वाचून बाहेर पडे. चित्रकार मराठी, पाहणारा मराठी आणि मधली भिंत मात्र बोलेना. ही कोंडी फोडण्याचे काम काही थोड्या माणसांनी केले. द. ग. गोडसे यांचे ‘पोत’ हे पुस्तक १९६३ चे, म्हणजे पुन्हा त्याच वर्षाचे. त्याचे नावच पाहा. कापड हातात घेऊन विणकर किंवा गृहिणी ज्या शब्दाने त्याचा कस सांगते, तो शब्द गोडसे यांनी कलाविचारात आणून बसवला. आज चित्राच्या पृष्ठभागाबद्दल बोलताना आपण ‘पोत’ म्हणतो आणि तो शब्द कुणी आणला हे विसरलेलो असतो. तसाच ‘घाट’. भांड्याचा, दागिन्याचा घाट, तो शिल्पालाही चालतो. बाबूराव सडवेलकर, संभाजी कदम, ज्ञानेश्वर नाडकर्णी यांनी चित्रांबद्दल मराठीतून लिहिले. प्रभाकर बरवे यांनी १९९० मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ लिहिले आणि चित्रकार स्वतः विचार कसा करतो हे मराठीत सांगून ठेवले. २०१३ मध्ये सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांच्या संपादनाखाली चरित्रकोशाचा दृश्यकला खंड आला. त्यामुळे चित्रकारांची नावे, गावे, तारखा मराठीत एका जागी मिळू लागल्या.

एवढे असूनही वर्गात चित्रावर पाच वाक्ये बोल म्हटले की मुले ‘छान आहे, रंगसंगती छान आहे’ यापलीकडे जात नाहीत. दोष त्यांचा नाही. आम्ही त्यांना शब्द दिले ते परिभाषाकोशातले: अमूर्त, अवकाश, प्रतिमासृष्टी. ते बरोबर आहेत, पण हातात घेता येत नाहीत. त्यांच्या घरातले शब्द चित्राजवळ नेऊन ठेवले तर मुले बोलतात. रंग जाड थापला आहे की पातळ फिरवला आहे? रेघ थरथरते का? या कोपऱ्यात गर्दी का आणि तिथे मोकळे का? एका मुलाने एका जलरंगचित्राबद्दल ‘रंग विरजणासारखा लागलाय’ असे लिहिले होते. मी त्याला पूर्ण गुण दिले.

बरवे यांचे नाव आले म्हणून एका अलीकडच्या प्रसंगाचा उल्लेख केला पाहिजे. जहांगीरच्या समोरच्या बाजूला, जुन्या सर कावसजी जहांगीर सभागृहात, १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आहे. तिथे २०१९ च्या फेब्रुवारीत बरवे यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन लागले. त्याच्या नावात ‘रिकामी पेटी’ होती. उद्घाटनाच्या भाषणात अमोल पालेकर यांनी स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याचा आणि पुढे कोणते प्रदर्शन लागावे हे दिल्लीत ठरणार असल्याचा विषय काढला. त्यांना मध्येच थांबवून फक्त बरवे यांच्याविषयी बोला असे सांगण्यात आले. पालेकर स्वतः जे. जे. चे विद्यार्थी आणि चित्रकार. प्रश्न साधा होता: भिंत कुणाची आणि तिच्यावर काय लागावे हे कोण ठरवणार? १९५४ मध्ये हा प्रश्न पोलिसांच्या रूपाने आला होता, या वेळी सभाशास्त्राच्या रूपाने आला. अकादम्यांच्या पैशावर चालणाऱ्या आमच्यासारख्या नियतकालिकांनीही तो आपल्याला लागू पडतो असे समजायला हरकत नाही.

जहांगीरच्या बाहेर, पदपथावर, आणखी एक प्रदर्शन असते. कुंपणाला टेकवून चित्रे मांडलेली असतात, चित्रकार शेजारी स्टुलावर बसलेला असतो, पन्नास पावले चालले की दहा जणांचे काम पाहून होते. कुणाला आतल्या तारखेची वाट पाहायची असते, कुणाला आत जायचेच नसते. मुलांना घेऊन मी मुंबईला गेलो तेव्हा त्यांनी सर्वांत जास्त वेळ तिथे काढला, कारण तिथे चित्रकाराला थेट विचारता येत होते: हे काढायला किती दिवस लागले, रंग कुठून आणता, विकले नाही तर काय करता. शेवटच्या प्रश्नाला एकाने उत्तर दिले, ‘घरी नेतो, आणि काय!’

आपल्याकडे माधापूरला ‘चित्रमयी’ हे राज्य कलादालन आहे. मलकपेठच्या स्थानकावर मेट्रोत बसावे, अमीरपेठेला गाडी बदलावी. परीक्षा संपल्यावरचा एखादा दिवस त्यासाठी पुरतो. जाताना वही न्यावी, पण त्यात माहिती उतरवून घ्यायला सांगू नये. एकाच चित्रापुढे दहा मिनिटे उभे राहा आणि दिसते ते मराठीत लिहा, एवढेच सांगावे. दहा मिनिटे फार वाटतात. तिसऱ्या मिनिटाला मुले चुळबुळ करतात, पाचव्याला एखादी हळूच म्हणते, ‘सर, मागे अजून एक माणूस आहे.’

आणि मुंबईला गेलात तर सोमवारी संध्याकाळी जा. सात वाजता चित्रे उतरू लागतात. कागद, दोऱ्या, चिकटपट्ट्या, कुणाचा भाऊ टेम्पोवाल्याशी हुज्जत घालतो आहे. एखादा वयस्क चित्रकार खुर्चीवर बसून अभिप्रायाची वही चाळत असतो. भिंतीवर फक्त खुणा उरतात. मंगळवारी सकाळी दुसरा कुणीतरी येतो आणि पहिले चित्र नेमके किती उंचीवर लावायचे, यावर त्याचे आणि त्याच्या बायकोचे एकमत होत नसते.